पोळा फुटायच्या आत परदेश

किश्शाचं कपाशीच्या बोंडासारखं हाये. एक फुटलं का बाजूचं फुटते, मंग त्याच्या बाजूचं, अन् आपून एक गोष्ट सांगाले बसलो तं पाहता पाहता पुरं वावर पांढरं होऊन जाते. परवा मी चहाच्या टपरीवर फक्त एवढंच बोललो का मुगलसरायचा चहा लय पातळ असते. झालं! मुगलसराय कुठी हाये, तू कायले गेलता, कोणासंगं गेलता, घरी सांगून गेलता का. सांगता सांगता माहा चहा थंडा झाला अन् दुसरा कोणी पाजला नाही. म्हणून आता एकदाचं सारं सांगून टाकतो. उरलेल्या जिंदगीत चहा तरी गरम भेटीन.

आमी तिघं गेलतो. गजा, रहीम अन् मी. गजा म्हणजे आमच्या गावातला, दिग्रसपासून बैलबंडीनं जावं एवढ्या अंतरावर आमचं गाव. अंगानं धिप्पाड, डोक्यानं सरळ. रहीम दिग्रसच्या मोटर-मिस्त्रीचा पोरगा, त्याच्या नखातलं ग्रीस ईदच्या दिवशीही निंगत नाही. अन् मी वसंता. सातवीत दोनदा बसलो अन् मंग उठलो. गावात कोणाच्या कोंबड्याले रंग लागला, कोणाच्या खाटेचा सुंभ कापला गेला, का लोक पहिले माह्याच घरी येतात. बहुतेक वेळा त्याईचं बराबर असते.

* * *

सुरुवात शेष्यापासून झाली. शेषराव आमच्याहून जरा मोठा, मिशी फुटलेला. तो मामासंगं मुंबई पाहून आला अन् तवापासून नाल्यावर बैल धुवाले आला तरी पॅन्ट घालून येऊन राह्यला होता. राखी झाली होती, पोळा पंधरा दिवसांवर. सारे पोट्टे बैल धुऊन राह्यले, अन् हा दगडावर बसून सांगे का मुंबई म्हणजे काय, परदेशच समजा.

गजा त्याच्या भवऱ्या बैलाची पाठ घासत होता. मान वर न करता म्हणे, "मुंबई तं आपल्याच राज्यात हाये. तिथं जाऊन आला त्यात काय एवढं?"

"मंग तू जाऊन दाखव ना खऱ्या परदेशात."

"जाईन."

"कवा? म्हातारा झाल्यावर?"

"पोळा फुटायच्या आत जाऊन वापस येतो."

आता पाहा. हा गजा, ज्यानं यवतमाळच्या पलीकडं काही पाह्यलेलं नाही, जो दारव्ह्याच्या बाजारात हरवून रडला होता. त्याले परदेश कोणत्या बाजूनं हाये हेबी माहीत नाही. अन् हा पठ्ठ्या हो म्हणून बसला!

शेष्या हुशार. तो म्हणे, नाही आला तं पोळ्याले तुह्या जोडीचा कासरा माह्या हातात. भवऱ्या अन् चांद्या दोघाईले तोरणाखाली मी घेऊन जाईन, तू मांगून चालायचं.

ज्याले पोळा माहीत नाही त्याले सांगतो. पोळ्याच्या दिवशी गावातले सारे बैल सजवून तोरणाखाली उभे करतात. पूजा होते, झडत्या म्हणजे पोळ्याचे गाणे होतात, मंग तोरण तोडलं का पोळा फुटला, अन् ज्याचे बैल तो आपले बैल घेऊन घरोघरी मिरवते. वर्षभर ज्यानं चारा टाकला, त्याच्याच हातात त्या दिवशी कासरा. तो दुसऱ्याच्या हातात गेला म्हणजे ते दुख घरात मयत झाल्यासारखं.

गजानं ओल्या हातानंच शेष्याच्या हातावर टाळी देल्ली. तेवढ्यात आबाजी आले. आबाजी आमच्या गावचे मानकरी, तोरण तोडायचा मान त्याईचाच. त्याईनं सारं ऐकलं अन् म्हणले, जिथं आपलं सरकार चालत नाही, दुसऱ्याचं राज्य हाये, तो परदेश. ठरलं म्हणजे ठरलं.

गजाच्या बापाले कळलं तं तो माणूस ओरडला नाही, मारलं नाही. भाकर मोडता मोडता एवढंच म्हणे, "जा. पण माह्या जोडीचा कासरा त्या पॅन्टवाल्याच्या हातात गेला, तं या उंबऱ्यात पाय ठेवू नको."

* * *

आता परदेश आणायचा कुठून? विमानाची गोष्ट सोडा, आमी विमान फक्त ढगात पाह्यलं. रस्ता सापडला दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगवर. तिथं नेपाळचा एक गुरखा होता राखणदारीले, आमी त्याले थापाकाका म्हणो. त्याले विचारलं का काका, तुमी तुमच्या देशातून इथं आले कसे? तो म्हणे, "रेल में बैठ के. और कैसे?"

गजाचा चेहरा असा खुलला का काही विचारू नका. रेल्वेनं परदेश! थापाकाकानं काडीनं धुळीत रस्ता काढून दाखवला. मुगलसराय, पाटणा, मंग गंगेवरून आगबोट, मंग रक्सौल, अन् तिथून पुढं त्याईच्या राजाची रेल. पासपोर्ट लागत नाही, काही नाही. गजानं तो धुळीतला नकाशा पुसू देल्ला नाही, दोन दिवस त्याच्या भोवती दगडं लावून ठेवले.

पिशव्या रहीमनं शिवल्या. जिनिंगच्या रुईच्या गाठीचं जुनं बारदान घेतलं अन् पाठीवर अडकवाले मोटरच्या ट्यूबचे पट्टे लावले. मजबूत अशा का त्यात गजाले भरून नेता आलं असतं. फक्त एक झालं, बारदानावर गाठीचे शिक्के होते ते तसेच राह्यले. आमी म्हणलं, राहू दे, शोभा येते.

इटारसीले गाडी बदलाची होती. पिशव्या फलाटावर एकावर एक ठेवल्या अन् नळावर तोंड धुवाले गेलो. वापस आलो तं पिशव्या गायब. पाह्यतो तं एक हमाल आमच्या पिशव्या हातगाडीवर टाकून पार्सलच्या डब्याकडं चालला! आमी ओरडत धावलो. त्यानं शिक्का दाखवला. म्हणे, ये रुई का माल है, पार्सल में जाएगा.

रहीम म्हणे, "अरे भाई, खोल के देख. इसमें भाकर है."

हमालानं खोललं. वर भाकरीच होत्या, पार कडक झालेल्या. त्यानं एक उचलली, ठोकून पाह्यली, अन् मले म्हणे, "ये तो और भी पार्सल का माल है."

* * *

आता गजानं काय केलं ते ऐका.

आमच्या भागात जी लहान गाडी चालते ना, मूर्तिजापूरहून यवतमाळले येते ती, तिचं आपलं असं हाये का ती घरची गाडी. सीताफळं दिसले का पोट्टे उतरतात, तोडतात अन् पुढच्या डब्यात चढतात. ड्रायव्हर ओळखीचा, गार्ड ओळखीचा. वावरातून कोणी दुपट्टा हलवला तं गाडी थांबते, म्हातारीले चढू देते, मंग चालते. गजाले वाटे, साऱ्या दुनियेची रेल्वे अशीच.

जबलपूर सोडल्यावर आमची मोठी गाडी मधातच सिग्नलले उभी राह्यली. खाली एक विहीर होती. गजानं लोटा घेतला अन् उतरला. मी म्हणलं, गजा, गाडी निंगन. तो म्हणे, निंगू दे ना, हात दाखवतो.

गाडी निंगाली. गजा आरामात पाणी भरून चालत आला, अन् खांद्यावरचा दुपट्टा काढून गार्डाले हलवला. गार्डानं त्याले वापस हात हलवला. बस. गाडी गेली. रहीम अन् मी दारात उभे, अन् गजा लहान लहान होत चालला, हातात लोटा, तरी दुपट्टा हलवूनच राह्यला.

पुढच्या स्टेशनावर आमी उतरलो. रहीम म्हणे, "गेला पोळा. गेली जोडी. आता याच्या बापाले तू सांग." मी म्हणलं, तू सांग. आमी भांडत बसलो.

तेवढ्यात मालगाडी आली. थांबणारी नव्हती ती, पण थांबली. अन् मागच्या डब्यातून कोण उतरते? गजा! एका हातात लोटा, दुसऱ्या हातात गार्डाचा चहा!

झालं असं, गजानं मालगाडीलेही दुपट्टाच दाखवला. त्याचा दुपट्टा लालभडक. ड्रायव्हरले वाटलं पूल वाहून गेला, त्यानं गाडी जागच्या जागी दाबली. सारे धावत आले, क्या हुआ, क्या हुआ. गजा शांतपणे म्हणे, "कुछ नहीं हुआ. मेरे दोस्त आगे गये. मुझे भी घेऊन चलो."

त्याले स्टेशनमास्तरच्या हवाली कराले आणलं होतं. मास्तर लाल झालेला. त्यानं विचारलं का तुह्या गावात असंच करतात का? गजानं छाती काढून सांगितलं का हो, असंच करतात. मास्तरनं त्याले कान धरून उठाबशा काढाले लावल्या. गजानं एवढ्या झपाट्यानं काढल्या का फलाटावरच्या लोकाईनं टाळ्या वाजवल्या, अन् एकानं त्याले केळी देल्ली. मास्तरच म्हणे शेवटी, बस कर रे बाबा, जा!

* * *

गंगा पार केली. आगबोटीवर गजानं बोटीच्या माणसाले विचारलं का हा नाला उन्हाळ्यात आटते का. तो माणूस अजूनही विचार करत असन.

पलीकडं मधल्या रुळाची गाडी, आधीच्या गाडीहून लहान पण आमच्या घरच्या गाडीहून मोठी. डब्यात पाय ठेवाले जागा नाही, अन् एका बाकड्यावर एक पैलवान आडवा. पुरं बाकडं त्याचं. बायका उभ्या, म्हातारे उभे, कोणाची बोलाची हिंमत नाही. गजा म्हणे मी उचलून बाजूले ठेवतो. मी म्हणलं, थांब, हे काम माह्या खात्यातलं हाये.

माह्याजवळ मायनं देल्लेली ठेच्याची डबी होती. लवंगी मिरची, लसूण, मीठ, दुसरं काही नाही. मी पैलवानासमोर उभा राह्यलो. डबी उघडली, वास घेतला, डोळे मिटले, डबी बंद केली. जरा वेळानं परत उघडली, रहीमले वास देल्ला. रहीमनं "सुभानअल्ला" म्हणलं. अशी आमची पूजा चालू.

पैलवान उठून बसला. ये क्या है? मी डबी पाठीमांगं लपवली.

"कुछ नहीं पैलवानजी. कमजोर लोगों का खाना है. आपसे नहीं होगा."

"हमसे नहीं होगा?"

त्यानं डबी हिसकली अन् लाडू घेतात तसा गोळा काढून तोंडात टाकला. पहिले काहीच झालं नाही. तो आमच्याकडं पाहून हसला. मंग हसू थांबलं. मंग कान हलले, खरंच हलले, मी पाह्यलं. मंग तो उठला अन् जे गेला, ते पुढच्या स्टेशनाच्या नळावर दिसला, अन् गाडी निंगाली तरी नळाच्या खालीच होता.

बाकड्यावर दोन म्हाताऱ्या बसवल्या, एक लेकुरवाळी बसवली, अन् उरलेल्या कोपऱ्यात आमी. म्हातारीनं मले आशीर्वाद देल्ला अन् त्या डबीत काय होतं विचारलं. मी खोटं नाही बोललो. म्हणलं, "माय का प्यार."

* * *

रक्सौलले उतरलो अन् नेपाळची गाडी पाह्यली, तं गजा जागेवर थांबला. डोळ्यात पाणी त्याच्या.

ती आपलीच गाडी होती! तेवढेच लहान रूळ, तेवढेच डबे, तसंच खोकलणारं इंजिन. एवढ्या लांब येऊन, एवढ्या मोठ्या गाड्याईत कोंबून, रस्त्यात उठाबशा काढून, समोर कोण उभं तं घरची गाडी. गजानं डब्यावरून हात फिरवला, जसा भवऱ्याच्या पाठीवर फिरवते तसा. मंग आत जाऊन बसला अन् एवढ्या दिवसांचा जो झोपला, तो झोपलाच.

जंगल लागलं. मोठे मोठे झाडं, पाऊस चालू. चढावर इंजिन अडकलं. चाकं जागेवर फिरत, गाडी पुढं जात नाही. लोक घाबरले, कोणी देवाचं नाव घेते, कोणी पेटी खाली उतरवते. आमी गजाले उठवलं. त्यानं एक डोळा उघडला, चाकाचा आवाज ऐकला, अन् झोपेतच म्हणे, "रेती टाका ना."

बराबर! आमच्याकडं पावसात असंच होते, अन् पोट्टेच उतरून रुळावर रेती टाकतात. आमी तिघं उतरलो. रहीमनं नाल्यातून रेती काढली, गजानं बारदानाच्या पिशवीत भरून आणली, मी चाकासमोर मुठीनं टाकत चाललो. इंजिननं दोनदा ओकल्यासारखं केलं, मंग पकडलं, अन् निंगालं. आमी उतार लागायच्या आत चालत चालत गाडीत चढलो. पळालोबी नाही. एक बाबू खिडकीतून ओरडून राह्यला, जल्दी, जल्दी, छूट जाएगी! रहीम त्याले म्हणे, "बाबूजी, ऐसी गाडी छूटती नहीं."

पुढं थांबल्यावर ड्रायव्हर उतरून आला. त्यानं विचारलं, तुम कौन से रेलवे के आदमी हो? गजा म्हणे, यवतमाळ रेलवे. ड्रायव्हरनं मान हलवली, जसं काही त्याले सारं माहीत हाये, अन् गजाले इंजिनात नेऊन शिटी वाजवाले देल्ली. नेपाळच्या जंगलातले सारे पाखरं उडाले असतील एवढी वाजवली त्यानं.

* * *

शेवटच्या स्टेशनावर चहा घेतला. गजानं कपडे झटकले, टोपी सारखी केली, अन् चहावाल्याले विचारलं, नेपाळ कुठून लागते?

चहावाला हसला. "अरे, तुम तो कब के नेपाल में हो!"

गजानं कप खाली ठेवला. तो झोपेत परदेशात शिरला होता.

आमी लाख समजावलं. गड्या, झोपीत गेला तरी गेलाच ना? पाय तं आत आले ना? तो म्हणे, "शेष्यानं विचारलं का परदेशात पहिला पाय ठेवला तवा कसं वाटलं, तं काय सांगू? घोरून राह्यलो होतो?"

माणूस सरळ असला का असा तरास असते. वापस येतांना हा नेपाळच्या बाजूच्या शेवटच्या गावी, बीरगंजलेच उतरला. सरहद्दीवर नाल्याचा पूल हाये, तिथपर्यंत पायी चालत आला, पुलावरून हिंदुस्थानात आला, अन् वळून परत नेपाळात जाऊ लागला. शिपायानं अडवलं. इकडून तिकडं, तिकडून इकडं, क्या माल ले जा रहा है?

गजा म्हणे, "माल नहीं. पाँव ले जा रहा हूँ."

रहीमनं मंग शिपायाले पैज, पोळा, बैल, बाप, सारं समजावून सांगितलं. पलीकडं नेपाळचा पहारेकरी उभा होता, तोबी ऐकाले जवळ आला. ऐकून झाल्यावर तो जाऊन आपल्या जागेवर ताठ उभा राह्यला. गजानं चप्पल काढली, उजवा पाय पुढं टाकला, अन् त्या पहारेकऱ्यानं खाडकन सलाम ठोकला!

असा सलाम शेष्याले मुंबईत कोणी ठोकला असन का, सांगा. गजानं तिथल्या बाजारातून एक नेपाळी टोपी घेतली अन् डोक्यावर चढवली. इंद्राचा ऐरावत भेटला असता तरी एवढा खूश नसता झाला.

फक्त त्या सलामाच्या पायी रक्सौलची आमची गाडी सुटून गेली.

* * *

तिथून सारं उलटं झालं. गंगा चढली होती, आगबोट काठालेच बांधून ठेवलेली. मंग पुढच्या गाड्या चुकल्या. गजा खिडकीत बसून नुसता बोटाईवर हिशोब करे अन् दर खेपेस पोळा तिथंच येऊन पडे. रात्री झोपीत त्यानं मले भवऱ्या समजून दोनदा थोपटलं.

मूर्तिजापूरले पोचलो ती पोळ्याची सकाळ. लहान गाडीत बसलो तवा जीवात जीव आला. आता घरची गाडी, पोचवीनच.

पण घरची गाडी म्हणजे घरचीच ना भाऊ! पोळ्याचा दिवस. प्रत्येक फाटकावर सजवलेले बैल रूळ ओलांडून राह्यले, गाडी थांबे. कारंज्याच्या पुढं एका गावाजवळ तं एका बाईनं ताट आणलं, अन् ड्रायव्हर उतरून बसला पुरणपोळी खाले! गजा हात जोडून उभा. ड्रायव्हरदादा, चला ना, माह्ये बैल जाऊन राह्यले. ड्रायव्हर म्हणे, "बस रे, तूबी खा. सणासुदीले कोणी एवढी घाई करते का?" ज्या गाडीची तारीफ आमी नेपाळपर्यंत केली, तिनंच गळा धरला.

गजा शेवटी उतरून पुढं पळत सुटला. खोटं सांगत नाही, पुढच्या स्टेशनावर तो गाडीच्या आधी पोचला होता, अन् गाडीलेच दुपट्टा दाखवून राह्यला होता का ये, ये लवकर.

दारव्ह्याले एसटी गेलेली. रस्त्यावर एक ट्रक उभा, बॉनेट उघडं, ड्रायव्हर डोक्याले हात लावून. रहीमनं बाह्या वर केल्या अन् आत घुसला. इंजिन चालू झालं तवा ड्रायव्हर त्याच्या पाया पडाले निंगाला. रहीम म्हणे, "पाँव मत पडो, पाँव दबाओ. एक्सिलेटर पे!"

गावाच्या शिवारात उतरलो तवा दिवस डुबाले आला होता. पोळा दिवस बुडायच्या खूप आधी फुटते. गजानं टोपी काढून हातात घेतली. म्हणे, तुमी जा, मी येत नाही. बाप उंबऱ्यात घेणार नाही, मंग जाऊन काय करू?

रहीमनं कानोसा घेतला. "अबे, थांब. मिरवणुकीचा आवाज कुठी हाये?"

* * *

पारापाशी आलो तं पाह्यतो, सारं गाव उभं. सारे बैल सजलेले, बेगड लावलेले, झुली घातलेल्या, लोक दुपारपासून उभे राहून कंटाळलेले. पोळा फुटलाच नव्हता!

तोरणच नव्हतं. दोन्ही खांब उभे, मधात काही नाही.

आबाजी त्या दोन खांबाईच्या मधात येरझाऱ्या घालून राह्यले होते. दुपारी बांधलेलं तोरण कोणी तरी पळवलं. दुसरं ओवलं, आंब्याची पानं आणाले पोट्टे परत वावरात पिटाळले, ते बांधलं. लोक झडत्या म्हणाले वळले, तेवढ्यात तेबी गायब. बिना तोरणाचा पोळा फोडता येत नाही, अन् गावात असा चोर एकच. मी दिसल्याबराबर आबाजीनं माहा कान धरला.

"काढ तोरण."

"आबाजी, मी परदेशात होतो."

जिंदगीत पहिल्यांदा मी खरा होतो, अन् कोणाचाच इश्वास बसेना. कान पार पिळला गेला. गजाचा बाप तिकडं मान खाली घालून उभा. अन् भवऱ्या-चांद्याच्या जोडीसमोर शेष्या. कासरा त्याच्या हातात, पण बैलापासून अर्ध्या वावराच्या अंतरावर उभा, एवढा लांब कासरा सोडलेला. अंगात जाडजूड कोट, पावसाळ्याच्या उकाड्यात, अन् एका पायानं लंगडून राह्यला.

गजा समोर गेला. टोपी काढून दाखवाले लागला, ही पाहा, नेपाळची हाये, तिथं शिपायानं मले सलाम…

"हारलो, हारलो!" शेष्यानं त्याचं बोलणं पुरंबी होऊ देल्लं नाही. "पुरावा-बिरावा राहू दे बावा. आधी हा कासरा धर!"

गजानं कासरा धरला. भवऱ्या दोन पावलं पुढं आला अन् गजाचं तोंड चाटाले लागला. गजाच्या बापानं मान वर केली. मंग आपल्या डोक्याचा फेटा काढून गजाच्या डोक्यावर ठेवला, नेपाळी टोपीच्या वरूनच. सारं गाव ओरडलं, मीबी ओरडलो, पण दुखून, कारण कान अजून आबाजीच्या हातातच होता.

"ते सारं ठीक हाये," आबाजी म्हणले. "पण तोरण कुठी हाये?"

शेष्यानं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. मंग हळूच म्हणे, "वसंत्याले सोडा, आबाजी."

अन् त्यानं कोटाच्या गुंड्या सोडल्या. आत पोटाले गुंडाळलेलं एक तोरण, अन् त्याच्यावर गुंडाळलेलं दुसरं. आंब्याची पानं पार कोमेजून गेलेली.

आबाजी माह्या कानासकट पुढं सरकले. "शेषराव! तू? अरे, तुह्यीच जीत होऊन राह्यली होती ना? मंग काहून?"

शेष्या वळला. त्याच्या मुंबईच्या पॅन्टले मांगून आंबा जाईन एवढं भोक होतं.

"काल कासरा धराचा जरा सराव कराले गेलतो," तो म्हणे. "आबाजी, तुमी एक डाव त्या भवऱ्याले धरून दाखवा, मंग मले विचारा काहून."

आबाजीनं माहा कान सोडला. अन् भवऱ्यानं मान वळवून त्याईच्याकडं पाह्यलं, तं त्याईनं आपले दोन्ही हात मांगं घेतले.